गावाचा कच्चा रस्ता डांबरी करायचा असेल, तर निधी कोणाकडे आणि कसा मागावा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वस्तीच्या रस्त्याच्या डांबरीकरणाची मागणी झाली नाही, अशी ग्रामसभा विरळाच. ठराव बहुधा एकाच साच्याचा असतो: अमुक फाट्यापासून तमुक वस्तीपर्यंतचा रस्ता डांबरी करून मिळावा. त्याच्या प्रती आमदार, खासदार, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि तहसीलदार अशा सर्वांना एकाच वेळी रवाना होतात, पोच मिळते, आणि पुढे प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. यात टोलवाटोलवी असतेच, परंतु त्यामागे एक साधा नियमही असतो. जो रस्ता आपल्या नोंदवहीत नाही, त्यावर कोणत्याही कार्यालयाला खर्च टाकता येत नाही. म्हणून निधी कोण देणार, या प्रश्नाआधी रस्ता कोणाचा आहे, हे कागदावर निश्चित करावे लागते.

महाराष्ट्रात रस्त्यांची वर्गवारी राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी आहे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग यांची जबाबदारी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असते. कार्यालयीन भाषेत त्यांना प्रजिमा, इजिमा आणि ग्रामा म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. गावठाणातील अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ नुसार ते बांधणे आणि राखणे हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे, पण त्याच कायद्याने हे कर्तव्य ग्रामनिधीच्या ऐपतीपुरते ठेवले आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टीवर चालणाऱ्या लहान ग्रामपंचायतीला स्वनिधीतून किलोमीटरभर डांबर टाकणे शक्य नसते, हे उघड आहे. त्यामुळे ‘ही तर ग्रामपंचायतीची जबाबदारी’ असे उत्तर वरून आले, तर ते कायद्याने बरोबर असूनही अपुरे आहे, हे सरपंचांनी नम्रपणे पण लेखी कळवावे.

शोधाची सुरुवात ग्रामपंचायतीच्या दप्तरातून करावी. नमुना क्रमांक २३ ही रस्त्यांची नोंदवही असते. आपला रस्ता तिच्यात आहे का, असल्यास लांबी आणि रुंदी किती लिहिली आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) पाहून घ्यावे. त्यानंतर पंचायत समितीच्या आवारातील किंवा जवळच्या जिल्हा परिषद बांधकाम उपविभागात जाऊन शाखा अभियंत्याकडील रस्ते विकास आराखड्याची यादी पाहावी. आपल्याकडे २००१ ते २०२१ या कालावधीचा आराखडा बराच काळ आधारभूत राहिला आहे. रस्त्याचा ग्रामा किंवा इजिमा क्रमांक तेथे मिळाला, तर अर्धे काम झाले. क्रमांक नसेल, तर तो योजनाबाह्य रस्ता ठरतो. अशा वेळी निधी मागण्याआधी रस्ता आराखड्यात घेण्याचा ग्रामसभेचा ठराव जिल्हा परिषदेकडे पाठवावा लागतो. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि त्यात एखादे वर्ष सहज जाते. तो गाळून थेट लोकप्रतिनिधीकडे जाणाऱ्यांना एखादा तुकडा मिळतो, पुढचा मिळत नाही.

गावच्या आसपास झालेल्या एखाद्या कामाचा माहिती फलक बारकाईने वाचणे, ही या विषयातली सर्वात स्वस्त शिकवणी आहे. फलकावर कामाचे नाव साधारण ‘ग्रामा अमुक, अमुक फाटा ते तमुक वस्ती, सा.क्र. ०/०० ते १/२००, मजबुतीकरण व डांबरीकरण’ असे लिहिलेले असते. सा.क्र. म्हणजे साखळी क्रमांक. ०/०० ते १/२०० म्हणजे रस्त्याच्या आरंभापासून बाराशे मीटर. त्याखाली लेखाशीर्ष (सरकारी अंदाजपत्रकातील ज्या खात्यातून खर्च होतो ते) किंवा योजनेचे नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, ठेकेदार, काम सुरू झाल्याचा आणि संपल्याचा दिनांक व दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, असतो. आपल्या वस्तीचा रस्ता १/२०० पासून पुढे २/५०० पर्यंत असेल, तर मागणी नेमकी त्या साखळीची करावी. ‘वस्तीपर्यंतचा राहिलेला रस्ता’ या शब्दांवर अंदाजपत्रक तयार होत नाही.

काही रस्ते वरील कोणत्याच वर्गात बसत नाहीत, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत त्यांची संख्या कमी नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, आरफळ, धोम यांच्या कालव्यांलगतचे सेवापथ लोक रस्ता म्हणून वापरतात, पण ती जलसंपदा विभागाची मालमत्ता आहे आणि त्यांच्या ना हरकत प्रमाणपत्राशिवाय जिल्हा परिषद त्यावर खडीसुद्धा टाकू शकत नाही. कोयना, उरमोडी, वारणा यांसारख्या प्रकल्पांतील विस्थापितांची पुनर्वसित गावठाणे असतील, तर अंतर्गत आणि जोडरस्ता हा पुनर्वसन कायद्याखालील नागरी सुविधांचा भाग असतो. तो आधी प्रकल्प यंत्रणेकडे आणि जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांकडे मागावा. गावठाण एकदा जिल्हा परिषदेकडे हस्तांतरित झाल्याचा कागद झाला, की प्रकल्पाकडून तो निधी मिळवणे फार अवघड होते. म्हणून अपुऱ्या सुविधा असताना हस्तांतरणास संमती देऊ नये. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या भागांत रस्ता वनजमिनीतून जात असेल, तर वनहक्क कायदा, २००६ चे कलम ३(२) उपयोगी पडते. गावाच्या रस्त्यासाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने उपवनसंरक्षकांच्या स्तरावर मिळू शकते.

राहिला खाजगी जमिनीचा प्रश्न, जो बहुतेक वस्त्यांच्या बाबतीत खरा अडथळा ठरतो. गाव नकाशावर दुबार तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग असेल, तर अतिक्रमण काढण्यासाठी तहसीलदारांकडे जाता येते. नकाशावर रस्ताच नसेल आणि बांधावरून वाट हवी असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करावा लागतो. वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ आहे. पण कलम १४३ च्या आदेशाने शेतात जाण्याचा हक्क मिळतो. त्यावरून सरकारी खर्चाने डांबरी रस्ता होतोच असे नाही. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत तर भूसंपादनासाठी पैसाच नसतो, जमीन विनामूल्य उपलब्ध करून द्यावी लागते. अशा वेळी मुद्रांकावरचे संमतीपत्र घेऊन भागवले जाते. माझ्या मते ते धोक्याचे आहे, कारण संमती देणारा आजोबा गेल्यावर नातू नांगर घालतो आणि झालेले डांबर उखडते. ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करून सातबारावर फेरफार घ्यावा. त्याचा खर्च लोकवर्गणीतून करावा. वर्गणीचा याहून चांगला उपयोग रस्त्याच्या कामात नाही.

आता निधीकडे वळू. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांसाठी जिल्हा नियोजन समितीतून येणारी ३०५४ आणि ५०५४ ही दोन लेखाशीर्षे मुख्य आहेत. ३०५४ हे मुख्यतः देखभाल, दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचे, तर ५०५४ हे भांडवली कामांचे. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी असतात. ग्रामविकास विभागाचे २५१५ हे लेखाशीर्ष लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी असते, आणि गावोगावी ‘पंचवीस-पंधरातून झालेला रस्ता’ म्हणतात तो हाच. आमदार आणि खासदार यांचा स्थानिक विकास निधी प्रत्येकी वर्षाला ५ कोटी रुपये असला, तरी जतसारख्या मतदारसंघात गावेच शंभराच्या वर आहेत आणि वाड्या-वस्त्या वेगळ्या. त्यामुळे तेथून तीनशे-चारशे मीटरचा तुकडा अपेक्षावा, संपूर्ण रस्ता नव्हे. दुर्दैवाने आपल्याकडे बरेच रस्ते अशा तुकड्यांनीच होतात. शेवटचा तुकडा होईपर्यंत पहिला उखडलेला असतो, आणि मध्ये कोरी राहिलेली दोनशे मीटर माती पावसाळ्यात सगळ्या वस्तीला अडवून धरते.

पूर्ण लांबीचा रस्ता एकाच कामात हवा असेल, तर ग्राम सडक योजनांकडे पाहावे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिचा खर्च प्रारंभी संपूर्णपणे केंद्राचा होता, २०१५-१६ पासून आपल्यासारख्या राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटा झाला. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २०११ च्या जनगणनेनुसार मैदानी भागातील ५०० वा अधिक लोकसंख्येच्या न जोडलेल्या वस्त्या पात्र धरल्या आहेत. माण, आटपाडी, जत येथील विखुरलेल्या वस्त्यांनी एक बाब विशेष लक्षात घ्यावी. या योजनेत लोकसंख्या महसुली गावाची नव्हे, वस्तीची मोजली जाते. योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनी ५०० मीटरच्या परिघातील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्यासही वाव दिला होता. त्यामुळे दोनशे आणि साडेतीनशे लोकांच्या दोन शेजारच्या वस्त्यांनी वेगवेगळे ठराव करून स्वतःच अपात्र ठरण्याऐवजी एकत्र सर्वेक्षणाची मागणी करावी. राज्याची मुख्यमंत्री ग्राम सडक योजना २०१५ पासून आहे. तिचा भर आधीपासूनच्या रस्त्यांचा दर्जा वाढवण्यावर आहे. खडीकरण होऊन पडलेल्या रस्त्याला ती अधिक सोयीची.

वित्त आयोगाच्या पैशांबद्दल मोठा गैरसमज आहे. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीतील अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांसाठी राखीव, होती. रस्ता बसतो तो उरलेल्या अबंधित भागात, तोही ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी नोंद असेल तरच. शेतापर्यंतच्या पाणंदीसाठी नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयाने आलेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना रोजगार हमीशी जोडलेली आहे. तेथे मातीकाम आणि खडीकरण होते, डांबराची अपेक्षा ठेवू नये. तथापि त्यातून भराव आणि खडीचा थर झाला, की पुढच्या डांबरीकरणाचे अंदाजपत्रक बरेच खाली येते. अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि विमुक्त व भटक्यांच्या तांडा-वस्त्यांसाठी वस्ती सुधार योजना आहेत, तसेच डोंगरी तालुक्यांसाठी डोंगरी विकास कार्यक्रमाचा निधी आहे. ऊसपट्ट्यात काही साखर कारखाने गळीत हंगामापूर्वी रस्त्यावर मुरूम टाकून देतात. ते घ्यावे, पण त्याला रस्ता झाला असे समजू नये.

प्रस्ताव तयार करताना शाखा अभियंत्याकडून पाहणी करून अंदाजपत्रक घ्यावे आणि ते वाचावे. वाळवा, पलूस, मिरजेच्या काळ्या जमिनीत खालचा भराव आणि मुरुमाचा थर कमी धरला, तर वरचे वीस मिलिमीटर कारपेट (डांबरमिश्रित खडीचा थर) आणि त्यावरचा सील कोट पहिल्याच पावसात तडकतात. माणच्या मुरमाड रानात तोच खर्च कमी लागतो. बाजूची गटारे आणि मोऱ्या अंदाजपत्रकात नसतील, तर त्या घालण्याचा आग्रह धरावा, भले डांबराची लांबी शंभर मीटरने घटो. प्रस्तावासोबत ग्रामसभेचा ठराव, रस्त्याचा क्रमांक आणि साखळी, जागेची कागदपत्रे, गाव नकाशाची प्रत, तसेच हीच लांबी अन्य योजनेतून मंजूर नसल्याचा दाखला जोडावा. या शेवटच्या दाखल्याअभावी पुष्कळ फायली अडकतात, कारण तोच ठराव पाच ठिकाणी दिलेला असतो आणि कोणी कोठे नाव घातले, हे गावालाच ठाऊक नसते.

वेळही पाळावी लागते. ग्रामपंचायतीचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास आकार घेतो आणि जिल्ह्याचा पुढील वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात ठरतो. म्हणून मार्चमध्ये केलेली धावपळ त्या वर्षासाठी निरर्थक असते. प्रशासकीय मान्यता मिळाल्यावर तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश असा क्रम आहे. जिल्हा परिषदेला नियोजन समितीचा निधी खर्च करण्यास मिळाल्याच्या पुढील आर्थिक वर्षअखेरपर्यंत मुदत असते, तेव्हा ‘३१ मार्च झाला, पैसे परत गेले’ हे उत्तर लगेच मान्य करू नये. फाईल कोठे आहे, हे तोंडी कळत नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून प्रशासकीय मान्यतेचा आदेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापे नोंदवलेली वही) प्रती मागाव्यात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

काम पूर्ण झाल्यावर ग्रामपंचायतीने नमुना २३ मधील नोंद त्याच महिन्यात दुरुस्त करून घ्यावी, आणि दोषदायित्व कालावधीची अखेरची तारीख ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावी. ग्राम सडक योजनेच्या कामात पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. अन्य कामांचा कालावधी करारात पाहावा. तो संपण्यापूर्वीच्या शेवटच्या पावसाळ्यानंतर, शक्यतो दिवाळीच्या आत, शाखा अभियंत्यासोबत संयुक्त पाहणी करावी, प्रत्येक खड्ड्याचा आणि खचलेल्या कडेचा साखळी क्रमांक लिहून पंचनामा करावा आणि तो कार्यकारी अभियंत्यांच्या आवक विभागात पोच घेऊन दाखल करावा. ठेकेदाराची सुरक्षा ठेव तोपर्यंत कार्यालयाकडेच असते. दुरुस्ती झाल्याशिवाय ती परत देऊ नये, हे त्याच पत्रात स्पष्ट लिहावे.