बाळाने काल काय खाल्ले? आहार-सर्वेक्षणातील या चुका टाळा

बालआहाराच्या सर्वेक्षणाचे भरून आलेले अर्ज तपासण्याचे काम मी नाशिकमध्ये काही वर्षे करत आहे आणि दर खेपेला नवी तुकडी त्याच चुका नव्या उत्साहाने करते. त्यांतील सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या आईला "बाळ फक्त अंगावरच पितं ना?" असे विचारणे. उत्तर प्रश्नातच दिलेले असते. कोणतीही शहाणी बाई "हो" म्हणून मोकळी होते.

एकदा पेठ तालुक्यातील एका पाड्यावरून आलेल्या झाडून सगळ्या अर्जांत निव्वळ स्तनपान नोंदवलेले पाहून मी स्वतः तिथे गेले. पहिल्याच घरी आई मला "अंगावरच पितो" असे सांगत असताना ओटीवर आजी सहाणेवर वेखंड आणि जायफळ उगाळत बसल्या होत्या. थोड्या पाण्यात उगाळलेली ती घुटी त्यांनी बोटाने बाळाच्या जिभेवर लावली. विचारल्यावर म्हणाल्या, "रोजच देते. पण ते काय खाणं हाय का, ताई?" जागतिक आरोग्य संघटनेच्या निव्वळ स्तनपानाच्या व्याख्येत औषधे, जीवनसत्त्वांचे थेंब आणि ओआरएस चालतात, साधे पाणी चालत नाही; त्यामुळे घुटी कशात उगाळली हे विचारल्याखेरीज तो रकाना भरताच येत नाही. (मधात उगाळत असतील तर अर्ज बाजूला ठेवून आधी तेवढे थांबवायला सांगावे, वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोटुलिझमचा, म्हणजे एका जंतूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.) तेव्हापासून मी पाणी, घुटी, मध, ग्राइप वॉटर, वरचे दूध, चहा अशी एकेक नावे घेऊन, काल दिवसभरात किंवा रात्री यांतले काय दिले, असे विचारते. यात वेळ जातो हे खरे. दुपारच्या एसटीच्या आत पंचवीस घरे उरकायची असतील त्यांनी हे काम घेऊ नये.

दुसरी चूक म्हणजे आईलाच विचारायचे हा हट्ट. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत मजुरीला जाणारी आई सकाळीच बागेत असते आणि दिवसभर बाळाला आजी नाहीतर आठ वर्षांची ताई भरवते. आईच्या उत्तरात वरण-भात येतो. चहात बुडवलेले बिस्कीट आणि "आम्ही दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं" ते पाच रुपयांचे पाकीट ताईकडूनच कळते.

"एक वाटी" असे लिहून आणू नये. मी घरातलीच वाटी मागते, रोज वाढतात तितके पाणी तिच्यात ओतायला लावते आणि ते मोजपात्राने मोजते. मग उरले किती, सांडले किती हे विचारते, कारण नागलीची पेज पुष्कळदा निम्मी झबल्यावरच जाते.

वय माता-बाल संरक्षण कार्डावरून पूर्ण महिन्यांत काढावे. डाळ-तांदळाची खिचडी म्हणजे दोन अन्नगट. वर भुरभुरलेली कोथिंबीर तिसरा नव्हे. आणि 6 ते 23 महिन्यांच्या मुलांच्या आहारात पुरेशी विविधता आहे असे धरायला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या निकषात 7 अन्नगटांपैकी 4 पुरत असत, तर 2021 च्या निकषात स्तनपान धरून 8 पैकी 5 लागतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून "आहार खालावला" असे लिहिणारा अहवाल मी न वाचताच परत करते.

एका दिवसाच्या नोंदीवरून एखाद्या बाळाच्या नेहमीच्या आहाराविषयी मत देऊ नये. काल आठवडे बाजार होता म्हणून त्याच्या वाट्याला केळे आणि अंडे आले असेल, उद्या पुन्हा पेजच असेल. म्हणून बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी एका गावातील सगळी घरे कधीही लावत नाही.