सायकलवरून न उतरता उतारावरचं हेअरपिन वळण कसं घ्यावं

गाव खाली, धार वर. डोंगरातल्या लहान गावांभोवतीचे सायकलचे ट्रेल बहुतेक असेच असतात. वर जायला रुंद कच्चा रस्ता आणि खाली यायला जेमतेम हातभर रुंदीची नागमोडी पायवाट. सरळ पट्ट्यांवर फारसं कुणी पडत नाही. माणसं पडतात ती पायवाट एकदम उलटी फिरते तिथे, हेअरपिन वळणावर. मी एकाच वळणावर एका मोसमात चार वेळा पडले, त्यातल्या तीन वेळा त्याच डाव्या कोपरावर. आणि चारही वेळा मला मिळालेला सल्ला मी तंतोतंत पाळत होते.

हेल्मेट, हातमोजे, पंक्चरचं सामान, पाणी हे सगळं बरोबर आहे असं धरूनच पुढचं लिहिते.

१. ट्रेल निवडा

उत्तर अमेरिकेत बहुतेक पाट्यांवर हिरवं वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा हिरा म्हणजे अवघड. ब्रिटनमध्ये निळ्या आणि काळ्याच्या मधे लाल येतो, त्यामुळे एकीकडचा रंग दुसरीकडे डोळे झाकून लावू नका. वळणं शिकायला निळा पुरे. टायरला चिखल चिकटत असेल आणि मागे खोल चर उमटत असेल तर त्या दिवशी घरी जा. त्या चरात पुढे पाणी धरतं आणि पायवाट वाहून जाते.

२. चढा

हलका गिअर, सीट वर, घाई नको.

३. वर पोचल्यावर पाच मिनिटं थांबा

सीट पूर्ण खाली करा. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही हवेची कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. तेवढी हवा भरलेला टायर खडीवर चेंडूसारखा उडतो. साधारण ७० किलोच्या माणसाने २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पीएसआयपासून (हवेचा दाब मोजायचं एकक) सुरुवात करावी आणि मग स्वतःला काय जमतं ते बघावं. आत ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय वाढवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतील.

दुसऱ्याची सायकल असेल तर कुठला ब्रेक कुठल्या हाताला आहे ते उभ्या उभ्या दाबून बघा. ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, अमेरिकेत डाव्या. उतारावर हा शोध लागणं बरं नाही. ब्रेकवर एकच बोट ठेवायचं, तर्जनी, तेही ब्रेकच्या लिव्हरच्या टोकाला जो बाक असतो त्यापाशी. बाकीची बोटं हँडल धरायला लागतात.

४. ब्रेक तुकड्या-तुकड्याने मारा

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स या छोट्या गावाजवळ काही उत्साही मंडळींनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावायला सुरुवात केली. उतार साधारण दोन मैलांचा, उंचीतला फरक सुमारे १३०० फूट. पेडल उलटं दाबून लागणारे त्यांचे ब्रेक इतके तापायचे की हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली आल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच त्या उताराचं नाव ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, पडलं. आजच्या डिस्क ब्रेकमध्ये ग्रीस जळत नाही, पण धडा तोच राहतो. वरपासून खालपर्यंत ब्रेक हलकेच ओढत आलात तर डिस्कला थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही आणि शेवटच्या वळणांवर लिव्हर दाबूनही सायकल हवी तशी थांबत नाही. सरळ पट्ट्यावर जोरात ब्रेक, मग पूर्ण मोकळा. पुन्हा जोरात, पुन्हा मोकळा.

ब्रेकचे पॅड नवे असतील तर डोंगरावर यायच्या आधी सपाटीवर वेग घेऊन, न थांबता, वीसेक वेळा जोरात ब्रेक मारून वेग उतरवा. त्याशिवाय ते पकडत नाहीत.

५. वळण घ्या

आता मुद्द्याचं.

मला मिळालेले सल्ले दोन. ‘उतारावर पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील’ आणि ‘बूड जितकं मागे नेता येईल तितकं ने’. ते देणारी माणसं प्रेमळ असतात, आणि दोन्ही सल्ले मिळून तुम्हाला हमखास पाडतात.

सायकलचा वेग कमी होतो तेव्हा भार पुढच्या चाकाकडे सरकतो. मागचं चाक हलकं होतं, म्हणून नुसता मागचा ब्रेक मारला की ते लगेच लॉक होऊन घसरायला लागतं आणि वेग फारसा उतरतच नाही. खरं थांबवतं ते पुढचं चाक. हँडलवरून उलटणारा माणूस बहुतेक वेळा हात ताठ ठेवून, सीटवर उंच बसून, घाबरून लिव्हर एकदम आवळणारा असतो. यावर उपाय एकच. सपाट मातीवर वीस मिनिटं फक्त पुढच्या ब्रेकने थांबायचा सराव करा, मागचं चाक हलकं झाल्याचं जाणवेपर्यंत हळूहळू दाबत न्या. ही वीस मिनिटं टाळणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही.

आता बुडाचं. मागे झुकलात की पुढच्या चाकावरचा भार जातो. आणि भार नसलेलं चाक वळत नाही, हँडल वळवलं तरी मुरमावरून सरळ घसरत जातं. माझ्या चारही पडण्यांचं कारण हेच. नुसता मागचा ब्रेक, त्यामुळे वळणापाशी वेग जास्त. बूड मागे, त्यामुळे पुढचं चाक हलकं. हँडल फिरवलं की चाक निसटणार आणि मी आतल्या बाजूला, कोपरावर. तिसऱ्यांदा पडले तेव्हा ऐन वळणातच टायरची रेघ स्पष्ट दिसत होती. वळून गेलेली नव्हे, सरळ घसरत गेलेली. तरी मला कळायला चौथी वेळ लागली.

योग्य बैठक अशी: पेडलवर उभं राहायचं, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा खाली. कंबरेतून वाकायचं, कोपरं बाहेर, हनुवटी साधारण हँडलच्या मधोमध येईल इतकी पुढे. सगळं वजन पायांवर. हात इतके हलके की सपाटीवर क्षणभर बोटं उघडली तरी तोल जाऊ नये. उतार जितका तीव्र तितकं शरीर आपोआप थोडं मागे जातं, ते मुद्दाम ढकलायची गरज नसते.

वळणाच्या दोन-तीन सायकलींच्या लांबीइतकं आधी, चाक सरळ असतानाच, दोन्ही ब्रेकने वेग चालण्याइतका उतरवा. वळणात शिरताना डोंगराच्या अंगाला, म्हणजे बाहेरच्या कडेला राहा. इथे मन सांगतं, वळ, वळ आता. वळू नका. मागचं चाक पुढच्यापेक्षा नेहमी आतून जातं. लवकर वळलात तर पुढचं चाक सुखरूप निघतं आणि मागचं आतल्या दगडावर आपटतं किंवा कडेवरून खाली उतरतं. पुढचं चाक बाहेरच्या कडेने तुम्हाला ‘आता उशीर झाला’ वाटेपर्यंत जाऊ द्या आणि मग वळा.

वळायला सुरुवात झाली की पुढचा ब्रेक सोडा. हँडल तिरपं असताना पुढचा ब्रेक लागला तर चाक आत दुमडतं. पुढच्या टायरची पकड एकतर वळायला वापरा किंवा थांबायला. मागचा ब्रेक मात्र अलगद लावलेला ठेवा, चाक फिरत राहील इतकाच, म्हणजे वेग पुन्हा वाढत नाही. ब्रेक ओढत न्यायला माझी हरकत नसलेली ही एकमेव जागा, आणि तीही सेकंद-दोन सेकंद.

नजर कुठे ठेवायची यावर लोक तत्त्वज्ञान सांगतात. प्रकार साधा आहे. वळणाच्या मध्यावर सायकलचं तोंड सरळ दरीकडे असतं, त्यामुळे डोळे तिथेच अडकतात आणि सायकल डोळ्यांच्या मागे जाते. म्हणून वळायच्या आधीच हनुवटी खालच्या पट्ट्याकडे फिरवा, जवळजवळ खांद्यावर येईपर्यंत. मान अवघडली नाही तर पुरेसं फिरवलेलं नाही. खांदे मानेमागून येतात, हँडल खांद्यांमागून. पुढच्या चाकाकडे बघायचा मोह होईल. ते तिथेच आहे, कुठे जात नाही.

पहिल्यांदा जमणार नाही. सायकल कडेला ठेवा, वरून येणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला व्हा आणि ते वळण पायी चाला. आपण कुठून शिरणार, कुठे वळणार, सुटा दगड कुठला, हे बघून परत वर जा. मी त्या वळणावर एका सकाळी अकरा वेळा वर गेले. आतून सोपी वाट पाडू नका, एकाने पाडली की महिन्याभरात सगळे तिथून जातात आणि पहिल्या पावसात माती खाली येते.

आणि मागचं चाक लॉक करून शेपूट फेकत वळणारे असतात. दिसायला झकास. त्यांच्यामागे वळणाच्या तोंडाशी उंचवटे आणि खळगे तयार होतात, आणि कुणीतरी आपल्या सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन ते बुजवत बसतं. तसं वळायला शिकू नका.

६. तोल गेलाच तर

पाय आतल्या बाजूला टेका. वळण संपत येतं तेव्हा बाहेरची बाजू दरीकडे आलेली असते, आणि तिथली जमीन तुम्हाला वाटते त्यापेक्षा खाली असते.

७. खाली येताना

वर चढणाऱ्याला वाट द्या, पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी. घोड्याजवळ घंटी वाजवू नका, थांबा आणि घोडेस्वाराशी बोला, माणसाच्या आवाजाने घोडा शांत राहतो.

खाली पोचल्यावर डिस्क तापली आहे का ते बोटाने बघू नका. माझ्या तर्जनीवर डिस्कच्या एका भोकाचा गोल डाग बरेच दिवस होता. बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब सोडा. मोठा उतार असेल तर तो थोडा चरचरेलच. पण छोट्या, सोप्या ट्रेलनंतरही चर्र होऊन उडून गेला, तर तुम्ही अजून सगळा उतार ब्रेक ओढतच येताय. पुन्हा चौथ्या पायरीपासून.