वर्गातलं लिखाण वर्गाबाहेर नेताना

नव्याने रुजू झालेले शिक्षण सेवक हमखास विचारतात, "सर, मुलांचं लिखाण ऑनलाइन मांडायला कुठलं ॲप चांगलं?" मी उलट विचारतो, तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी मोबाइल किती वाजता येतो? सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौक ओलांडून विडी घरकुलाकडे गेलात की हाच प्रश्न ॲपपेक्षा मोठा होतो. फोन वडिलांचा, आणि वडील यंत्रमागाच्या पाळीवर. मुलाच्या हाती तो रात्रीच पडतो, दिवसभराच्या डेटातलं उरलंसुरलं घेऊन. त्यामुळे 'सगळे एकदम जॉइन व्हा' छापाची साधनं मी बाजूला ठेवतो. ज्यात प्रत्येकाला आपापल्या सवडीने येऊन चार ओळी लिहून जाता येतं, तीच इथे टिकतात.

त्यानंतरचा प्रश्न म्हणजे मुलाने लिहिलेलं वाचणार कोण? फक्त तुम्हीच वाचणार असाल तर वही पुरे आहे, उगाच लिंक कशाला? गटातल्या पाच-सहा जणांनी वाचून सुधारायचं असेल तर गूगल डॉक्स. सगळ्या वर्गासमोर मांडायचं तर पॅडलेटची भिंत, म्हणजे प्रत्येकाला चिठ्ठी डकवता येईल असा ऑनलाइन फलक. गावाने वाचावं असं काही हाती आलं, तरच वेबपान बनवणारं गूगल साइट्स किंवा ब्लॉगर. एवढं ठरलं की साधनाची निवड आपोआप होते.

डॉक्समध्ये तीन परवानग्या असतात: नुसतं पाहणे, टिप्पणी करणे आणि संपादन. सुरुवातीला दुसऱ्या गटाला फक्त टिप्पणीची द्या. शेजारच्या गटाचं वाचून 'हे कुणी सांगितलं?' असं समासात विचारायला आठवीच्या मुलांना फार आवडतं, आणि हा प्रश्न शिक्षकाने विचारण्यापेक्षा मित्राने विचारला की जास्त बोचतो. सर्वांना संपादन दिलंत तर कुणीतरी अख्खा परिच्छेद उडवणारच. 'व्हर्जन हिस्ट्री' उघडून जुनी आवृत्ती परत आणता येते, तेव्हा रागावण्यात तास घालवू नका. लॉगिन न करता आलेल्याच्या नावाच्या जागी एखाद्या प्राण्याचं नाव दिसतं. पहिला दिवस त्यावर हसण्यातच जातो, म्हणून ओळीच्या आधी हजेरी क्रमांक लिहायची सवय लावा. गूगल खात्यासाठी आपल्याकडे वयाची 13 वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे आठवीच्या खालच्या वर्गात खात्याचा आग्रह नको. पॅडलेटवर मुलांना खातं लागत नाही. तिथे मंजुरीची सोय मात्र आधी चालू करा, म्हणजे तुम्ही पाहिल्याशिवाय भिंतीवर काही चढणार नाही. फुकटच्या खात्यात मोजक्याच भिंती मिळतात, तेव्हा प्रत्येक धड्याला नवी काढत बसू नका.

आता उदाहरण. आठवीच्या इतिहासात सविनय कायदेभंगाच्या पाठात सोलापूरचा सत्याग्रह येतो. पुस्तकात तो थोडक्यात आटोपतो, पण आपल्या मुलांसाठी तो घराशेजारचा विषय आहे. मे 1930 मधला हरताळ, गोळीबार, मग लष्करी कायदा, आणि 12 जानेवारी 1931 ला फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून मुलं रोज जातात, पण चौघांची नावं सलग सांगणारा विरळा. मी गटांना दोन कामं देतो: पुतळ्यांचा फोटो स्वतः काढायचा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्या दिवसांबद्दल विचारायचं.

इथे मजा सुरू होते. कुणाची आजी तेलुगूत सांगते, कुणाचे आजोबा कन्नडमध्ये, कुणाचे दादा उर्दूत, आणि मुलाला ते मराठीत उतरवावं लागतं. तेव्हा इंग्रजांचा अंमल उठून सोलापूर एका घरच्या सांगण्यात तीन दिवस स्वतंत्र होतं, दुसऱ्या घरच्या सांगण्यात चार. हे वाद मिटवू नका, तेच सोनं आहे. डॉक्समध्ये रंग ठरवून द्या: ऐकलेलं लाल, पुस्तकात सापडलेलं काळं. अख्खं पान लाल दिसलं की मुलं आपणहून ग्रंथालय कुठं आहे विचारतात. प्रकाशित करतानाही लाल मजकूर काढायला लावू नका, 'आजीने सांगितलं' असं लिहून राहू द्या. मराठी विकिपीडियावर मात्र तो चालणार नाही. तिथे प्रकाशित संदर्भ लागतो, घरची आठवण धरत नाहीत. पण मुलांनी स्वतः काढलेले पुतळ्यांचे फोटो पालकांच्या संमतीने विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या फोटोसाठ्यावर खुल्या परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरू देऊन, देता येतात, कारण सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पांचे फोटो काढून वापरायला आपला 1957 चा कॉपीराइट कायदा मुभा देतो. रस्त्याकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या चित्रांना ही सवलत धरू नका. गूगलवर सापडलेला जुना फोटो उचलून चिकटवणं तर नाहीच. 'क्रेडिट दिलंय ना सर' हे उत्तर कायद्यात बसत नाही. बालभारतीच्या पीडीएफचीही लिंक द्या, प्रत चढवू नका.

टायपिंगबद्दल एक सांगतो, कारण यात नवखे हटकून अडतात. शाळेतली जुनी टिपणं बहुधा डीटीपीवाल्याकडून श्री-लिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असतात. ती वेबवर चिकटवली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. सगळं युनिकोडमध्ये हवं, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसते. मुलांच्या फोनवर जीबोर्ड या गूगलच्या ॲपमधला मराठी कीबोर्ड पुरतो, आणि बोलून टाइप करायची सोय तर त्यांना आपल्याआधी माहीत असते. त्यात विरामचिन्हं फारशी येत नाहीत. एका बोललेल्या परिच्छेदात ती भरायला लावा, व्याकरणाचा तास झाला.

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून जिल्ह्यात क्यूआर कोडचं वेड आहे. चांगलंच आहे, पण त्यांनी कोड चिकटवला तो पुस्तकावर, हे लक्षात घ्या. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्याही हातात कागद उरतो. आमच्याकडे तयार पानाची छापील प्रत फलकावर लागते आणि कोपऱ्यात कोड. पालक सभेला आलेल्या आया आधी कागदच वाचतात.

परवानगीचं काम जूनमध्येच उरका. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. प्रवेशाच्या वेळीच मुख्याध्यापकांच्या सहीचं साधं मराठी पत्र द्या, गरज तिथे तेलुगूत तोंडी समजावून सांगा. बाहेर जाणाऱ्या पानावर चेहरा नको, पूर्ण नाव नको, शाळेचा बिल्ला दिसणारा गणवेश नको. फोटोत जागेची नोंद लपलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल. 'मुलांसाठी' अशी खूण केलीत की टिप्पण्या बंद होतात, आणि मला तरी तो फायदाच वाटतो.

व्हॉट्सॲप ग्रुप सूचनेपुरता ठेवा. तिथे टाकलेलं मुलांचं लिखाण शुभ सकाळच्या ढिगाखाली आठवड्यात गडप होतं.

आणि खातं स्वतःच्या नावाने काढू नका. शाळेच्या नावाने काढा, पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात द्या. बदली झाली, समायोजन झालं, की वैयक्तिक खात्यातलं मुलांचं काम तुमच्याबरोबर निघून जातं. एप्रिलमध्ये निकालपत्रकांच्या धांदलीआधी गूगल टेकआउट या सोयीने गूगल खात्यातलं सगळं उतरवून पेनड्राइव्हवर घ्या आणि ती शाळेच्या दप्तरात नोंद करून ठेवा. पुढच्या वर्षीच्या आठवीला लाल ओळी तिथूनच तपासायला देता येतात.