उसाचं बिल नीट कसं वाचायचं (थोड्या इतिहासासकट)

कारखान्याकडून उसाचं बिल आलं की आपण डायरेक्ट खालची निव्वळ रक्कम बघतो, पण वाचायचं असतं ते वरचं.

आधी वजन. काट्याची पावती बिलातल्या टनेजशी ताडून बघा. ऊस तोडला की लगेच वाळायला लागतो, वजनही जातं आणि साखरही, म्हणून चांगला भाव बघून लांब नेता येत नाही, आणि कारखानदाराचा जोर पहिल्यापासून इथंच आहे. 1932 ला सरकारने बाहेरच्या साखरेवर, म्हणजे मुख्यतः जावाच्या, संरक्षक जकात बसवली आणि देशात धडाधड खाजगी कारखाने निघाले. हरेगावची बेलापूर कंपनी तर त्याच्याही आधीची, तिच्याकडे हजारो एकर खंडाची जमीन होती आणि ऊस पण तीच पिकवायची.

मग उतारा, म्हणजे उसातून टक्क्यात किती साखर निघाली ते. 2025-26 ची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला ऊसदर, टनाला 3550 रुपये, ती 10.25 टक्के उताऱ्याला, वरच्या प्रत्येक 0.1 ला 34.60 जादा. म्हणजे 11.25 उतारा असेल तर 3896. कुठल्या हंगामाचा उतारा धरलाय ते मात्र विचाराच, निम्मी भांडणं तिथंच होतात. आणि एफआरपी हा कमीत कमी दर आहे हो, राज्याच्या 2013 च्या ऊसदर कायद्यात 70:30 चा (उत्पन्नातले 70 टक्के शेतकऱ्याला, 30 कारखान्याला) हिशोब वेगळा असतो, त्यात मळी-बगॅसचं (बगॅस म्हणजे उसाचं चिपाड) उत्पन्न पण धरतात.

त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, कारण एफआरपी कारखान्याच्या गेटवरची. बहुतेक कारखाने सरासरी काढून सगळ्यांना सारखीच लावतात, मग जवळचा शेतकरी लांबच्याचं भाडं भरतो. याच पैशातून टोळी आणणाऱ्या मुकादमाचं कमिशन आणि बीडकडच्या कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीची, मजुरी निघते, पण त्यांनी उचल आधीच घेतलेली असते त्यामुळे हंगामभर ते ती फेडतच राहतात, या साखळीत सगळ्यात स्वस्त त्यांचेच हात. टोळीने फडात मागितलेली खुशाली, म्हणजे वरचे पैसे, बिलात कुठंच दिसत नाही, ती स्वतः वहीत लिहून ठेवा.

शेवटी कपाती. शेअर, ठेवी, सोसायटीचं कर्ज. 1950 ला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, शेतकरीच मालक. शेठ नको म्हटलं तरी भांडवल कुणीतरी घालायलाच लागतं, ते पुढं आपल्या बिलातूनच निघत गेलं. म्हणून ठेव परतीची का बिनपरतीची ते बघा, व्याज किती ते लेखी मागा.

ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे आले नाहीत तर कायद्याने 15 टक्के व्याज लागू होतं, पुण्याला साखर आयुक्तांकडे अर्ज करा, सोबत काट्याच्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडा.