फ्लॅशबॅक आला की आधी पाय जमिनीवर टेकवा

बसमध्ये शेजारी कोणी ते ठराविक केसांचं तेल लावून बसलं की माझ्या पोटात आजही गोळा येतो, घशाला कोरड पडते आणि मी क्षणात ९ वर्षांची होऊन त्या खोलीत परत जाते. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या कितीतरी बायकांना, पुरुषांनाही, असं होतं. यालाच फ्लॅशबॅक म्हणतात. हे नुसतं आठवणं नसतं, शरीराला खरंच वाटतं की ते आत्ता घडतंय, म्हणून "विसरून जा गं" याचा काडीचा उपयोग होत नाही.

अशा वेळी शरीराला आजची तारीख सांगायची. पाय घट्ट टेकवा, डोळे उघडे ठेवा आणि ओठातल्या ओठात म्हणा, आज गुरुवार आहे, मी बसमध्ये आहे, मी ३४ वर्षांची आहे, तो इथे नाही. मग दिसणाऱ्या ५ वस्तू मोजा, हाताला लागणाऱ्या ४, कानावर पडणारे ३ आवाज. मी पर्समध्ये वेलची ठेवते, दाताखाली फोडली की तो तेलाचा वास हळूहळू मागे पडतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायचा लांब, पण श्वासाकडे लक्ष दिल्यावर जास्तच घाबरायला होत असेल तर ते राहू द्या, गार पाण्याने तोंड धुवा.

नंतर खूप थकवा येतो, तेव्हा काहीतरी खा, पडून राहा. जमलं तर वहीत दोन ओळी लिहा, कुठे होतात आणि कशाने सुरू झालं, म्हणजे ट्रिगर हळूहळू ओळखू येतात. बस मात्र कायमची सोडू नका, खिडकीची जागा धरा, नाहीतर एकेक करून सगळंच सुटत जातं.

आता लाजेचं. "ओरडली का नाहीस?" हा प्रश्न मी स्वतःलाच किती वर्षं विचारला! भीतीने शरीर गोठतं, आवाज फुटत नाही, हे आपल्या हातात नसतं. शरीराने आपोआप काही प्रतिसाद दिला असेल तरी ती संमती नव्हती. लाज ज्याने केलं त्याची आहे, तुमची नाही.

त्रास रोजचा असेल तर ट्रॉमावर, म्हणजे मनावरच्या आघातावर, काम करणारा थेरपिस्ट शोधा, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्या आठवणींवर काम करायची पद्धत) किंवा ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) करता का ते विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. फोन लागल्यावर काही सुचलं नाही तर एवढंच म्हणा, "माझ्यासोबत पूर्वी काहीतरी घडलंय, त्याचा त्रास आता होतोय." बाकीचं त्याच दिवशी सांगायची गरज नाही.