एका शाळेतून केंद्रभर: मनःस्वास्थ्य आणि सजगता उपक्रमाचा विस्तार कसा करावा

हे टिपण केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि एकाहून अधिक शाळा सांभाळणारे पर्यवेक्षक यांच्यासाठी आहे. एखाद्या शाळेत मनःस्वास्थ्याचा आणि सजगतेचा उपक्रम वर्ष-दोन वर्षे नीट चालला की ‘हेच बाकीच्या शाळांतही सुरू करा’ असा आग्रह वरून आणि आजूबाजूने होऊ लागतो, आणि मग पहिला प्रश्न साहजिकच ‘यंदा किती शाळा घ्यायच्या’ हा पडतो. माझ्या अनुभवाने तो प्रश्न दुसरा आहे. आपल्याजवळ तयार माणसे किती आहेत, हे आधी मोजावे आणि शाळांची संख्या त्यावरून ठरवावी.

आमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, ज्या शाळेत हा उपक्रम सुरू झाला, तिथे घंटेऐवजी लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला होता. परिपाठ संपला की वर्गशिक्षिका बाई त्यावर एकच टोला देत आणि मुले एक हात वर करून तो नाद विरेपर्यंत ऐकत बसत. ज्याला नाद ऐकू येईनासा होई, त्याने हात खाली घ्यायचा. कोणाचा हात आधी खाली आला, कोणाचा उशिरा आला, यावर बाई अवाक्षरही काढत नसत. त्यानंतर दोन मिनिटे श्वासाकडे लक्ष आणि मग ज्याला आपल्या मनाविषयी काही सांगायचे असेल त्याने सांगायचे, एवढाच तो कार्यक्रम होता. शिक्षण परिषदेत त्याचे प्रात्यक्षिक झाले, सगळे भारावले, आणि मी पुढच्याच महिन्यात अकरा शाळांत तो सुरू करायला लावला. दिवाळीच्या सुट्टीआधी भेटी दिल्या तेव्हा निम्म्या शाळांत टोला पडत होता, पण त्यापाठोपाठ ‘हाताची घडी, तोंडावर बोट, डोळे मिटा’ असा हुकूमही सुटत होता. एका शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलांना शिक्षा म्हणून पाच मिनिटे जास्त बसवले जात होते. चूक त्या शिक्षकांची नव्हती. मी त्यांना बाईंचा टोला दाखवला होता, बाईंचे न बोलणे दाखवले नव्हते.

आधी मूळ शाळेची परीक्षा घ्या

विस्ताराचा आदेश काढण्यापूर्वी मूळ शाळेतला उपक्रम नेमका काय आहे हे कागदावर उतरवावे. किती मिनिटे, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या इयत्तांना, शिक्षक कोणते शब्द वापरतात, मूल रडू लागले तर काय करतात, आणि काय मुद्दाम करत नाहीत, हे सर्व त्यात यावे. हे काम उपक्रम चालवणाऱ्या शिक्षकाने एकट्याने करू नये, कारण जे त्याच्या अंगवळणी पडले आहे ते त्याला लिहिण्याजोगे वाटत नाही. एखाद्या सहकाऱ्याने आठवडाभर वर्गात मागे बसून टिपणे काढावीत. त्यानंतर त्याच शाळेतील दुसऱ्या शिक्षकाने एक पूर्ण सत्र हा उपक्रम चालवून पाहावा आणि मूळ शिक्षकाने त्यात पडू नये. तेवढ्यात तो विस्कटला, तर आपल्या हाती अजून उपक्रम नाही, एक चांगला शिक्षक आहे, असे समजून आणखी सहा महिने थांबावे. थांबण्याचा हा सल्ला कोणालाच आवडत नाही, तरीही मी तो आग्रहाने देतो.

उपक्रम कोण चालवणार

याबाबत आपल्या देशातच झालेला एक अभ्यास प्रत्येक नियोजकाने लक्षात ठेवावा असा आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम राबवला, आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत तो प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकाने चालवला, काही शाळांत त्याच शाळेतील शिक्षकाने चालवला, तर उरलेल्या शाळा तुलनेसाठी होत्या. पत्रपेटी (मुलांनी मनातले लिहून चिठ्ठी टाकण्याची पेटी), भित्तिपत्रक, परिपाठातील चर्चा, गरजेनुसार वैयक्तिक समुपदेशन असे त्याचे साधे स्वरूप होते. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण स्पष्टपणे सुधारले, मुलांमधील नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली; शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत मात्र तुलनेच्या शाळांपेक्षा वेगळे काही आढळले नाही. कार्यक्रम तोच असूनही माणूस बदलताच परिणाम बदलला.

यावरून शिक्षकाला जमत नाही असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. मतदारयाद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब एवढे सगळे उरकून जो शिक्षक वर्गात उभा राहतो, त्याच्या हाती आणखी एक रजिस्टर दिल्याने मुलांचे मन सुधारत नाही. म्हणून शक्य असेल तर तीन-चार शाळा मिळून एक पूर्णवेळ, स्थानिक बोली बोलणारा आणि प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक नेमावा, आणि त्याच्या मानधनाची व प्रवासखर्चाची तरतूद दोन वर्षांसाठी आधीच करावी. ते शक्य नसेल आणि शिक्षकांवरच भिस्त ठेवायची असेल, तर त्या शिक्षकाचे कोणते काम कमी होणार हे मुख्याध्यापकांनी लेखी द्यावे. तोंडी आश्वासन जूनमध्ये मिळते आणि ऑगस्टमध्ये विसरले जाते.

आयुष्मान भारत अंतर्गत फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून शक्यतो एक शिक्षक आणि एक शिक्षिका अशा दोघांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे. आपल्या विस्तारासाठीही प्रत्येक शाळेतून दोन माणसे हा नियम मोडू नये. याचे एक कारण मुलींना आणि मुलांना मोकळेपणाने बोलता यावे हे आहे, आणि दुसरे, तितकेच महत्त्वाचे कारण बदल्या हे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच शिक्षकावर उभारलेला उपक्रम त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर दुसऱ्या तालुक्यात निघून जातो.

शाळांची निवड करताना पहिल्या वर्षी दोन किंवा तीन शाळांपलीकडे जाऊ नये. सगळ्यात उत्साही शाळा घ्यावी असे नाही. मुख्याध्यापक स्थिर आहेत, दोन शिक्षक आपणहून तयार आहेत आणि ती मूळ शाळेपासून अर्ध्या दिवसात भेट देऊन परतता येईल इतक्या अंतरावर आहे, एवढे पाहावे. द्विशिक्षकी शाळेत दोघेही तयार नसतील तर ती शाळा यंदा सोडून द्यावी.

शिक्षकांची तयारी

एका दिवसाच्या प्रशिक्षणातून, जिथे सकाळी उद्घाटन होते आणि दुपारी प्रमाणपत्रे वाटली जातात, या कामाची काहीही तयारी होत नाही. ज्याने स्वतः महिनाभर रोज दहा मिनिटे शांत बसून आपल्या मनाची धावपळ पाहिलेली नाही, तो मुलांचे मन भटकले की त्यांच्यावर चिडतो. त्यामुळे पहिले सहा आठवडे शिक्षकांनी केवळ स्वतः सराव करावा आणि दर पंधरा दिवसांनी तासभर एकत्र बसून त्यातल्या अडचणी बोलाव्यात. नंतर त्यांनी मूळ शाळेत जाऊन दोन-तीन वेळा तासिका पाहावी, पुढे जोडीने घ्यावी, आणि शेवटी एकट्याने घेताना जोडीदाराने मागे बसून पाहावे. महाराष्ट्रात विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने आनापानावर, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देण्याच्या ध्यानावर, आधारलेला ‘मित्र उपक्रम’ राबवला गेला आहे. आपल्या शाळेत तो चालू असेल, तर त्याला समांतर दुसरा उपक्रम उभा करण्यापेक्षा त्याच वेळेत आणि त्याच शिक्षकांच्या मदतीने पुढचे काम गुंफावे.

वेळापत्रकाचा प्रश्न छोटा वाटतो, पण विस्तार बहुतेक ठिकाणी तिथेच अडतो. दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये दलाई लामा यांच्या उपस्थितीत सुरू केलेल्या आनंद अभ्यासक्रमात पहिली ते आठवीच्या वर्गांना रोज स्वतंत्र तासिका दिली गेली, शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका काढण्यात आल्या आणि परीक्षा ठेवली गेली नाही. त्यातली स्वतंत्र तासिका आणि परीक्षा नसणे या दोन गोष्टी आपण बिनदिक्कत उचलाव्यात. ‘वेळ मिळेल तेव्हा घ्या’ असे म्हटले की घटक चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात उपक्रम बंद पडतो. परिपाठानंतरची दहा मिनिटे भिंतीवरच्या वेळापत्रकात छापून यावीत.

त्रासात असलेल्या मुलाची वाट आधी मोकळी करा

माझ्या मते विस्ताराचा सर्वांत गंभीर भाग हा आहे. ब्रिटनमधील ‘मिरियड’ या प्रकल्पात ८५ शाळांतील ८,००० हून अधिक किशोरवयीन मुलांवर सजगता प्रशिक्षणाचा परिणाम तपासला गेला. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा हे प्रशिक्षण मुलांसाठी अधिक उपयुक्त ठरल्याचे दिसले नाही, आणि ज्या मुलांना आधीपासून मानसिक त्रास होता त्यांच्या बाबतीत सावधगिरीची गरज असल्याचे संकेत मिळाले. शाळेच्या एकंदर वातावरणात आणि शिक्षकांच्या थकव्यात मात्र थोडा चांगला बदल नोंदवला गेला. डोळे मिटून बसणे हे प्रत्येक मुलाला मानवतेच असे गृहीत धरू नये, हा धडा मी त्यातून घेतो.

हे मी वर्गातही पाहिले आहे. सातवीची एक मुलगी पहिल्याच आठवड्यात डोळे मिटताच ओढणीचे टोक मुठीत इतके घट्ट आवळून बसे की तिची बोटे पांढरी पडत. बाईंनी तिला सर्वांसमोर काही विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून संपूर्ण वर्गालाच सांगितले की ज्याला हवे त्याने खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत बसावे. तिने महिनाभर झाडच पाहिले आणि त्यानंतर एके दिवशी मधल्या सुट्टीत आपणहून बोलायला आली.

म्हणून पहिल्या दिवसापासून तीन मुभा जाहीर असाव्यात: डोळे उघडे ठेवण्याची, काही न करता बसून राहण्याची आणि उठून बाहेर पाणी प्यायला जाण्याची. मूल बोलू लागले की पुढे काय, हे मात्र उपक्रम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले हवे. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाचे वार, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांक शाळेत सर्वांना दिसतील असे लावावेत. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन शिक्षकाने मुलाला कधीही देऊ नये; ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी ज्यांना सांगणे गरजेचे आहे त्यांनाच सांगेन’ एवढेच म्हणावे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी असे सांगितले आहे. संस्थेकडे समुपदेशकाच्या पदासाठी प्रस्ताव पाठवताना हा आधार जरूर नमूद करावा. ज्या शाळेसाठी ही वाट अजून तयार नाही, त्या शाळेत टोलाही देऊ नये.

पालकांशी बोलताना

पालकांचे प्रश्न साधे असतात आणि त्यांची सरळ उत्तरे द्यावीत. हे कोणत्या पंथाचे आहे, यात मंत्र आहे का, आमच्या मुलाला वेड्याच्या डॉक्टरकडे पाठवणार का, हे तीन प्रश्न मला प्रत्येक गावात विचारले गेले. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घेण्याआधी पालकसभा घ्यावी, ती मजुरीहून माणसे परतल्यावर संध्याकाळी ठेवावी आणि भाषण न करता पालकांनाच तो टोला ऐकवावा. उपक्रमात मूर्ती, तसबीर, मंत्र किंवा नमस्कार काहीही नसावे, म्हणजे कोणत्याही घरच्या मुलाला अवघडल्यासारखे होणार नाही. एखाद्या पालकाने नकार दिला, तर त्या मुलाला त्या वेळेत वाचनासाठी पुस्तक द्यावे आणि त्याबद्दल पुन्हा चौकशी करू नये.

नोंदी आणि भेटी

उपक्रम वाढला की वरून अहवाल मागितले जातात, आणि अहवालासाठी फोटो मागितले जातात. डोळे मिटून बसलेल्या मुलांचे फोटो मोबाइलवरच्या गटात टाकण्याची प्रथा सुरूच होऊ देऊ नये. ज्या वेळी कोणी आपल्याकडे पाहत नाही असा मुलांना विश्वास वाटायला हवा, नेमक्या त्याच वेळी शिक्षकाच्या हाती मोबाइल दिसू लागतो. ‘तुला आता आनंदी वाटते का’ असे शिक्षकासमोर विचारून भरलेल्या प्रश्नावलीचाही उपयोग नाही, कारण मूल बाईंना आवडेल तेच उत्तर देते. त्याऐवजी महिन्याची उपस्थिती, मधल्या सुट्टीतील भांडणांची संख्या, पत्रपेटीत आलेल्या चिठ्ठ्या आणि ज्या मुलांना पुढे पाठवले त्यांपैकी किती जण प्रत्यक्ष तज्ज्ञांपर्यंत पोहोचले, एवढ्या चार गोष्टी नावांशिवाय नोंदवाव्यात. चौथा आकडा सर्वांत महत्त्वाचा मानावा. ही पत्रपेटी दर शुक्रवारी उपक्रमाच्या दोन्ही शिक्षकांनी मिळून उघडावी. उघडली न गेलेली पेटी मुलांच्या दृष्टीने नसलेल्या पेटीपेक्षा वाईट असते.

केंद्रप्रमुखाने महिन्यातून एकदा, न कळवता, प्रत्येक शाळेत परिपाठाच्या वेळी जाऊन मागे बसावे आणि तासिका संपल्यावर शिक्षकाला केवळ एक प्रश्न विचारावा: आज कोणते मूल वेगळे वाटले? ज्याला उत्तर देता येते तो शिक्षक उपक्रम चालवतो आहे. सलग तीन भेटींत उत्तर मिळाले नाही, तर त्या शाळेतील उपक्रम सन्मानाने थांबवावा आणि शिक्षकाला मूळ शाळेत पुन्हा पाहायला बोलवावे.

दरवर्षी बदल्यांचे आदेश निघण्यापूर्वी, म्हणजे एप्रिलमध्येच, प्रत्येक शाळेने एक साधी वही पूर्ण करून ठेवावी. तीत वर्गाची पद्धत, पुढे पाठवण्याची ठिकाणे आणि नवीन शिक्षकाने पहिल्या आठवड्यात काय करू नये याची यादी असावी. मुलांची नावे या वहीत येऊ नयेत. ज्या मुलांकडे लक्ष हवे आहे त्यांच्याविषयी जुन्या शिक्षकाने नव्या शिक्षकाला समोरासमोर सांगावे, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांनी दोघांना शाळा सुरू होण्याआधी अर्धा दिवस एकत्र बसवावे.