"शास्त्र असतं ते" असं कोणी म्हणालं की काय करायचं

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी ताईचं लग्न होतं, हळद लावायची वेळ झाली आणि आई कुठेच दिसेना, शोधली तर स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत उभी. विचारलं कोणी काही बोललं का, तर नाही, कोणीच काही बोललं नव्हतं. "मी कशाला मध्ये, पोरीला अपशकुन नको." लहानपणापासून तिने हेच बघितलं होतं, त्यामुळे तिला अडवायला कोणाची गरजच नव्हती, ती स्वतःच बाजूला झाली.

तुमच्याही घरात नवरा गेलेल्या बाईला असं बाजूला व्हावं लागत असेल तर आधी शब्दांकडे लक्ष द्या. सवाष्ण, पांढऱ्या पायाची, लोक काय म्हणतील. 'सवाष्ण' म्हटलं की कोण आत आणि कोण बाहेर हे त्या एका शब्दात ठरून जातं, कोणाला हाकलावं लागत नाही. मग तोच नियम पुरुषाला लावून बघा. बायको गेलेल्या काकांना कोणी मांडवातून बाजूला हो म्हणतं का? 'स्त्री पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदेंनी बुलढाण्यात बसून १८८२ साली हेच विचारलं होतं, बायको मेली की तुम्ही का नाही दाढीमिशा काढून रानात जात म्हणून.

दुसरं म्हणजे नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, हे काम कोणाच्या हातून होतं ते बघा. बांगड्या फोडणारी बहुतेक वेळा जाऊ, नणंद किंवा स्वतः यातून गेलेली एखादी आजी असते, तिच्यावर चिडून उपयोग नाही, तिलाही हेच शिकवलंय. पण तिने हात मागे घेतला तर प्रथा तिथेच अडते. १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडेंच्या पुढाकाराने न्हाव्यांनी ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, म्हणजे बघा, वस्तराच खाली ठेवला.

म्हणून हे बोलणं आधीच करून ठेवा, घरात सगळे धडधाकट असताना. माणूस गेल्यावर वाद घालायची ताकद कोणातच नसते आणि त्याच गोंधळात सगळं उरकलं जातं. घरातली जी मोठी बाई पुढे होऊन हे सगळं करते तिच्याशी एकटीत बोला, गुरुजींशी पण बोला. "गावात चालत नाही" म्हणाले तर हेरवाडचं सांगा, कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं गाव, मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मोबाईलमध्ये ती बातमी सेव्ह करून ठेवा, कागद दाखवला की माणसं जरा ऐकतात.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे जिच्यासाठी हे चाललंय तीच नाही म्हणते. चारचौघांत हाताला धरून ओढू नका, मी एकदा ओढलं होतं आणि आई रडत आत गेली, ते माझं चुकलंच, म्हणजे तिचं परत दुसऱ्याच कोणीतरी ठरवलं ना. घरातल्या घरात छोट्या गोष्टींपासून सुरुवात करा, टिकली, गजरा, हिरवी साडी, आणि तिला वेळ द्या. आमच्याकडे चार वर्षं लागली. भाच्याच्या बारशाला आईने स्वतःहून कुंची मागून घेतली आणि बाळाला घातली, हात थरथरत होते, मी ताट धरून शेजारी उभी होते.